काट्यासकट

पोषणशास्त्राच्या शेवटच्या वर्षी आम्हाला प्रत्येकी चाळीस घरांचं सर्वेक्षण करायचं होतं. समोरच्या बाईने काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय खाल्लं ते विचारायचं, वाटी-डाव दाखवून अंदाज घ्यायचा आणि मग घरी बसून तक्त्यांवरून प्रथिनं किती, लोह किती, कॅल्शियम किती याची बेरीज करायची. लोक खरं सांगत नाहीत हे आम्हाला आधीच बजावलं होतं. तेल कमी सांगतात, पालेभाजी जास्त सांगतात. ऐकणाऱ्याने चेहरा कोरा ठेवायचा, ‘अरे वा’ म्हणायचं नाही आणि ‘अरेरे’ही म्हणायचं नाही. नियम एवढाच होता आणि मी तो सहाव्या घरात मोडला.

माझ्या वाट्याला आरेतला एक पाडा आला होता. घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाका, पुढे रिक्षा आणि मग चिखल. ऑगस्ट होता. सहाव्या घरातली बाई वारली, पन्नाशीची असावी. जन्म पाड्यावरचा, कामं गोरेगावातल्या दोन इमारतींत. शेजारी तिची सून बसली होती, पाचवा महिना. रात्री काय जेवलात, तर भात आणि मासे. कसले मासे? शिंगट्या.

मी पेन थांबवलं. मला शिंगाळा माहीत होता, म्हणजे समुद्रातला मोठा, कोळणीच्या पाटीवर असतो तो. हा वेगळा होता. तिने झाकण काढून पातेलंच पुढे केलं. बोटाएवढे, बिनखवल्यांचे, तोंडाजवळ मांजरासारख्या मिशा असलेले मासे चिंचेच्या लालसर कालवणात पडले होते. मुलगा ओढ्यातून धरून आणतो, म्हणाली. कल्ल्यांमागचे आणि पाठीवरचे तीन काटे आधी मोडायचे, कारण ते बोटात गेले तर दिवसभर ठणकतं. मग राखेत घोळून बुळबुळ काढायची, पोट दाबायचं आणि अख्खा मासा टाकायचा.

“आणि मधला काटा? डोकं?”

“काटा काढला तर राहील काय, मॅडम? बोटाएवढा तर मासा.”

सुनेचं गरोदरपणाचं कार्ड मी तेवढ्यातच पाहिलं होतं. हिमोग्लोबिन ८.४. माझ्या तोंडून निघून गेलं, “खूप चांगलं आहे हे. हिला देत जा. काट्यासकट खात जा.”

सासूने सुनेकडे अशा नजरेने पाहिलं की घे, शिकलेली पोरगी पण तेच म्हणते. मी फॉर्मवर आकडा लिहिला आणि सातव्या घरात गेले. परतताना मेट्रोत मला फार बरं वाटत होतं, हेही सांगून टाकते.

मी काही खोटं बोलले नव्हते. बारीक मासा अख्खा खाण्याबद्दल जे शास्त्र आहे ते पक्कं आहे. मोठ्या माशाचा तुकडा आपण खातो तेव्हा खातो ते स्नायू. त्यात प्रथिनं भरपूर, पण कॅल्शियम असतं हाडात आणि हाड आपण ताटाच्या कडेला ठेवतो. बारीक माशाचं हाड पोटात जातं. शिवाय यकृत, डोळे, रक्त हे सगळंही जातं. मूळच्या भारतीय वंशाच्या, त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या शकुंतला थिलस्टेड यांनी बांगलादेशात याच गोष्टीवर अनेक वर्षं काम केलं. मोला नावाच्या चिमुकल्या माशात जीवनसत्त्व ‘अ’ मुबलक आहे आणि ते मुख्यतः डोळ्यांत आणि आतल्या अवयवांत आहे. म्हणजे डोकं कापून टाकणारा माणूस नेमकं तेच टाकतो. २०२१ साली त्यांना या कामासाठी वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. बंगालकडे तर शिंगी आणि मांगूर हे आजाऱ्याचे मासे म्हणूनच ओळखले जातात. तापातून उठलेल्याला, बाळंतिणीला त्यांचा पातळ रस्सा देतात.

लोहाचं गणित वेगळं, आणि ते मला स्वतःच्या अंगावरून माहीत आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार आपल्याकडच्या प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. आकडा एवढा मोठा आहे, कारण आपण धान्य-भाजीतून घेतो त्या लोहातलं थोडंच शरीरात शोषलं जातं. मांस-मासळीतलं बरंचसं लोह रक्तातल्या लाल द्रव्याच्या रूपात येतं आणि ते सहज शोषलं जातं. सोबतच्या भात-भाजीतलं लोहही मग जास्त लागू पडतं. मी कॉलेजात असताना माझं हिमोग्लोबिन ९ होतं. गोळ्यांनी पोट बिघडायचं. आमच्या सोसायटीत मासळीचा वास आला की वॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी अगरबत्तीचा फोटो टाकतं, त्यामुळे आई रविवारी बांगडा तीन पिशव्यांत गुंडाळून आणते आणि खिडक्या लावून तळते. (घाटकोपर-मुलुंडला राहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.) तर पाड्यावरच्या घरात उघड्या दारात शिंगट्यांचं पातेलं पाहून मला झालेल्या आनंदात थोडा हेवाही असावा.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आहेत, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. दख्खनचा काळा पाषाण लोहाने भरलेला, त्यावरची माती त्याच लोहाने तांबडी झालेली, आणि त्या मातीवर चालणाऱ्या निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात लोह नाही. ओढ्यातला मासा हे दगडातलं लोह बाईच्या रक्तापर्यंत फुकट आणून देणारा हमाल आहे, असं वाक्य मी अहवालाच्या मसुद्यात लिहिलं होतं. आमच्या मार्गदर्शक बाईंनी ते खोडलं. शेजारी पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला: ‘कुठल्या पाण्यातली?’

फॉर्ममध्ये त्याला रकानाच नव्हता. मासळी: समुद्रातली / गोड्या पाण्यातली. किती ग्रॅम. ताजी / सुकी. झालं.

खनिजांबद्दलची एक साधी गोष्ट मी अभ्यासात शंभर वेळा वाचली होती आणि तिचा अर्थ मला त्या पेन्सिलीच्या प्रश्नाने कळला. प्रथिनं, चरबी हे सजीव स्वतः घडवतात. खनिज कोणीही घडवत नाही. मासा लोह तयार करत नाही, जस्त तयार करत नाही. गाळात, किड्यांत, गोगलगायींत, पाण्यात जे आहे तेच तो उचलतो. त्यामुळे तक्त्यातला ‘१०० ग्रॅम माशात अमुक मिलिग्रॅम’ हा आकडा एका विशिष्ट पाण्यातल्या माशाचा असतो. आपण तो जातीचा गुण समजून बसतो.

आणि मासा कॅल्शियम फक्त अन्नातून घेत नाही, कल्ल्यांतून थेट पाण्यातूनही ओढून घेतो. शिसं आणि कॅडमियम याच वाटेने आत शिरतात, कारण शरीराच्या दारावरच्या पहारेकऱ्याला कॅल्शियम आणि त्यांच्यातला फरक नीट कळत नाही. आत गेलेलं शिसं मांसात कमी आणि कल्ल्यांत, यकृतात, हाडांत जास्त साठतं. म्हणजे डोक्यात आणि काट्यात. जे अख्खं खा म्हणून मी सांगून आले होते, तेच.

यापुढचं वाचून मी त्या रात्री लॅपटॉप मिटला. माणसाच्या शरीरात लोह कमी असेल तेव्हा आतडी जास्त लोह ओढायला लागतात, आणि त्याच ओढीत शिसं नि कॅडमियमही जास्त घेतात. ज्याला लोहाची गरज सगळ्यांत जास्त, त्याच्याच शरीरात विष सगळ्यांत जास्त मुरतं. शिसं हाडात वर्षानुवर्षं पडून राहतं आणि गरोदरपणात आईचं हाड झिजून बाळाला कॅल्शियम द्यायला लागलं की त्याच्याबरोबर निघतं. ८.४ हा आकडा मला झोपेत दिसला असं नाही म्हणणार, पण झोप उशिरा लागली.

आता पाण्याचं. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन निघते, आरेच्या कडेने, फिल्टरपाड्यावरून मरोळ, साकीनाका, कुर्ला करत माहीमच्या खाडीला मिळते. एकूण जेमतेम अठरा किलोमीटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईतल्या पुष्कळांना ही नदी आहे हे प्रथम कळलं, तोवर ती नालाच होती. वरच्या टप्प्यात तिच्यात वस्त्यांचं सांडपाणी आणि तबेल्यांचं शेण येतं. खाली साकीनाक्यापासून कुर्ल्यापर्यंत भंगारवाले, तेलाची पिंपं धुणारे आणि धातूकाम करणारे छोटे कारखाने आहेत. पाडा वरच्या अंगाला आहे, मग तिथली शिंगटी बरी असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण पहिल्या जोरदार पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. कोकणात, पालघर-रायगडात याला वळगण म्हणतात आणि लोक त्यासाठी रात्रभर जागतात. वळगणीचा मासा खालूनच वर येतो. किती खालून, ते तो सांगत नाही.

शिवाय प्रश्न उरतो की ओढ्यात शिंगटीच का उरली. तिच्या नात्यातले शिंगी आणि मांगूर यांना वरची हवा घेण्याचे जादा अवयव असतात, त्यामुळे दुसरे मासे गुदमरून मरतात तिथे ते जगतात, बाजारात टबात तासन्‌तास तडफडतात आणि ‘जिवंत, ताजा’ म्हणून विकले जातात. शिंगटीला तशी सोय नाही, पण गढूळ पाणी, कमी खाणं तिला चालतं. याच चिवटपणामुळे आफ्रिकन मांगूर, बाजारात ज्याला थाई मांगूर म्हणतात तो, कत्तलखान्याचा कचरा खाऊनही फोफावतो. त्याच्या शेतीवर देशात बंदी आहे, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुन्हा कडक आदेश दिले, तरी तो अधूनमधून दिसतोच. चिवट माशाचं कौतुक करताना मला थोडं अवघडतं. २००५ नंतर छातीभर पाण्यातून घरी चालत गेलेल्या लोकांना आपण ‘मुंबई स्पिरिट’ म्हणून टाळ्या दिल्या होत्या, त्याची आठवण होते.

तर प्रश्न असा होता: परत जाऊन सांगायचं का? आणि काय?

माझी मुलुंडची मैत्रीण म्हणाली, पहिली चूक सल्ला देण्याची होती, आता दुसरी करू नकोस. त्या ओढ्यातला मासा तू तपासलायस का? नाही. मग कशाच्या जोरावर घाबरवणार? बाईच्या ताटात मांसाहार म्हणावा असा तो एकच पदार्थ. त्याच्या जागी ती काय ठेवेल? चहात बुडवून पाव. लोह न मिळण्याचं नुकसान नक्की आहे, शिशाचं फक्त शक्य आहे. नक्की नुकसान टाळ.

तिचं म्हणणं मला पटलं आणि पटल्यावर त्याचा रागही आला. कारण ‘पुरावा नाही’ हे वाक्य कोणाच्या सोयीचं असतं ते मी वाचलं होतं. जपानच्या मिनामाता खाडीत १९५६ साली मासळी खाणाऱ्या कोळी कुटुंबांत विचित्र आजार सापडला. पुढच्या वर्षी तिथल्या प्रांतिक सरकारने मासळी पकडण्यावर कायद्याने बंदी घालता येईल का, असं केंद्राला विचारलं. उत्तर आलं की खाडीतले सगळेच मासे विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, तेव्हा हा कायदा लावता येणार नाही. पारा सोडणाऱ्या कारखान्याची ती प्रक्रिया १९६८ पर्यंत चालू राहिली. मधली अकरा वर्षं लोकांनी काय खायचं, हे ज्याने-त्याने आपलं ठरवायचं होतं.

आजीला मी हे सगळं सांगितलं नाही, नुसतं विचारलं की एखाद्याच्या जेवणात खोट आहे असं वाटलं तर सांगावं का. ती म्हणाली, जेवणाऱ्याच्या ताटाकडे बघून बोलू नये. मग थोडं थांबून म्हणाली, पण पाल पडलेली दिसली तर बोलावं.

मी तेव्हापासून या ‘सांगण्या’वर विचार करते आहे. ‘खा’ म्हणायला मला काही पडत नाही. ‘खाऊ नका’ म्हणायलाही मला काही पडत नाही. दोन्हीची किंमत ऐकणारी बाई भरते, आणि दुसऱ्याची किंमत रोजची असते. आहारतज्ज्ञ म्हणून पुढे मी शेकडो लोकांना ‘हे बंद करा’ सांगितलं आहे. अंधेरीच्या क्लिनिकमध्ये बसणारा माणूस एक बंद करून दुसरं विकत आणतो, त्यामुळे माझा शब्द आणि त्याचं ताट यांच्यात त्याचा पगार उभा असतो. पाड्यावर मध्ये काहीच नव्हतं. मासा फुकट होता. अंडं फुकट नव्हतं. आदिवासी भागातल्या गरोदर बायकांना एक वेळचं ताजं जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे, पण ती अनुसूचित क्षेत्रांसाठी. पालघरच्या जंगलातली वारली बाई त्यात येते. गोरेगावच्या जंगलातली येत नाही, ती कागदावर मुंबईकर आहे.

आणि तरी न सांगणं मला जमेना. त्याचं कारण फार उदात्त नव्हतं. मी गप्प बसले असते तर तिला काय खायचं हे माझ्या अज्ञानाने ठरवलेलं राहिलं असतं, वर माझ्या शिक्षणाचा शिक्का. ‘शिकलेली पोरगी पण तेच म्हणते’ ही नजर मला परत घ्यायची होती. ती माझ्यासाठी की तिच्यासाठी, हे आजही मला नीट सांगता येत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी गेले. एक डझन अंडी नेली होती, ती हातात धरून पूर्ण रस्ता लाज वाटली. मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं. पाण्यात काय येतं, काट्यात काय साठतं, आठवड्यातून एखाद वेळ खाल्लं तर चालेल, पण सुनेला देताना डोकं, पोट आणि मधला काटा काढून द्या. नुसतं मांस तरी पोटात जाईल.

सासूने शांतपणे ऐकून घेतलं.

“तेव्हा काट्यासकट म्हणालात.”

“चुकले मी.”

“चुकलात कशा? तेव्हा मासा बघितलात. आता पाणी बघितलंत.” मग ती हसली. “आम्हाला काय कळत नाही वाटलं? तबेल्याचं पाणी मिळतं त्याच्या खाली आम्ही पाय घालत नाही. पोरगं वरच्या अंगाला जातं.”

“मग अजून वर, तलावाजवळ? तिथलं पाणी तर चांगलं.”

“तिथं वॉचमन आहे.”

विहार तलाव १८६० चा. शहराला पाणी द्यायला बांधला, आजही देतो. काठावर सर्वसामान्यांना जायला बंदी आहे आणि पिण्याच्या पाण्याचा तलाव म्हटल्यावर त्यात गैर काही नाही. घाटकोपरला माझ्या नळाला येणारं पाणी असंच कुठल्यातरी बंदी असलेल्या काठावरून येतं. बंदी नाही ते पाणी ओढ्याला येतं. मी हे तिच्यासमोर बोलले नाही. तिला ते माझ्या आधीपासून माहीत होतं.

“माझी सासू सगळ्या ओढ्यात मासे धरायची,” ती म्हणाली. “आता एवढाच तुकडा राहिला. तोही सोडू म्हणता?”

मी ‘नाही’ म्हणाले. मग ‘हिचं बाळंतपण होईपर्यंत’ म्हणाले. मग काहीच म्हणाले नाही. सून या सगळ्या वेळात अंड्यांचा ट्रे मांडीवर घेऊन बसली होती आणि एकेक अंडं बोटाने फिरवून फुटलंय का बघत होती.

जेवायची वेळ झाली होती. नको म्हणायची सोय नव्हती. तिने जर्मनच्या ताटलीत भात वाढला, वर कालवण ओतलं आणि त्यात तीन शिंगट्या ठेवल्या, पाहुण्याला म्हणून त्यातल्या त्यात मोठ्या. चव थोडी मातकट होती, चिंचेने ती चांगली लागत होती. काटा शिजून इतका मऊ झाला होता की दाताखाली कळलाही नसता. मी बोलत बोलत जेवले. काय बोलत होते ते आता आठवत नाही.

हात धुवायला उठताना सुनेचं माझ्या ताटलीकडे लक्ष गेलं आणि तिच्यामागोमाग माझं. कडेला तीन डोकी आणि तीन काटे नीट रांगेत लावून ठेवले होते. मी ते केव्हा काढले, मला कळलं नव्हतं.

सुनेने ताटली उचलली आणि बाहेर मांजरापुढे ठेवली.